एक हॉर्सपॉवरचा प्रश्न

‘मोटरमध्ये आता काय राहिलंय?’

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय सांगायला गेले, तेव्हा सरांनी मला हे विचारलं. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत हे असंच घडलं असतं. माझा विषय साधा होता. पप्पांचं सोलापूरच्या पूर्व भागात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पावरलूमच्या जळालेल्या मोटरी तिथं रोज येतात. रिवाइंडिंग झाल्यावर तीच मोटर आधीपेक्षा जास्त वीज खाते का, आणि खात असेल तर किती, एवढंच मला मोजायचं होतं. सर हसले. म्हणाले, ‘अगं, इंडक्शन मोटर शंभर वर्षांपूर्वीच संपली. एआय घे, आयओटी घे. प्लेसमेंटला उपयोगी पडेल.’

मग आम्ही चौघींनी चेहरा ओळखून हजेरी लावणारी सिस्टिम केली. केली म्हणजे विकत आणली. रिपोर्टसकट मिळते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच विचारलं, ‘अंधारात चालेल का?’ आम्ही म्हणालो, ते ‘फ्यूचर स्कोप’मध्ये आहे. मार्क चांगले पडले. त्या मार्कांवर मला पुण्यात नोकरीही लागली. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे, त्यात मी स्वतःला बाजूला काढत नाही. मीही त्या खोटेपणाची लाभार्थी आहे.

पण सरांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. सहा वर्षं उशिरा का होईना, देते.

आधी ‘संपली’ या शब्दाबद्दल. फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर चालणारी मोटर इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे जगासमोर मांडली ती १८८८ मध्ये. पुढच्याच वर्षी डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांनी तिला थ्री-फेजचं आजचं रूप दिलं. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण या मोटरीला डीसी मोटरीसारखं हव्या त्या वेगावर, हव्या त्या जोरावर नेमकं चालवण्याची रीत सापडायला १९७० च्या दशकाची सुरुवात उजाडली. जर्मनीत फेलिक्स ब्लाश्के यांनी ‘फील्ड ओरिएंटेशन’ची पद्धत मांडली, तेव्हा मोटर ऐंशी वर्षांची झाली होती. आज इलेक्ट्रिक गाडीत पाय दाबताच जी ताकद मिळते, ती या उशिरा सापडलेल्या गणितामुळे. जगातल्या एकूण विजेपैकी साधारण ४५ टक्के वीज आजही मोटरीच वापरतात. जी गोष्ट जगाची जवळजवळ निम्मी वीज खाते, तिच्यात काही राहिलं नाही असं म्हणायला फार धाडस लागतं. किंवा वीजबिल दुसऱ्याने भरावं लागतं.

आता रेडिओ घेऊ. सरांच्या मते ‘कम्युनिकेशन’ हे भविष्य होतं आणि मोटर हा इतिहास, म्हणून मुद्दाम रेडिओ घेते. सोलापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंड लागतं. तिथं आपण बहुधा वडापाव घेतो आणि विसरतो. १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यात मार्कोनी कंपनीच्या पद्धतीची ‘बीम वायरलेस’ सेवा सुरू झाली. संदेश पाठवण्याचं केंद्र पुण्याजवळ खडकीला होतं आणि येणारे संदेश पकडण्याचं केंद्र दौंडला. समुद्रातून केबल न टाकता विलायतेचा निरोप थेट दौंडच्या माळरानावर उतरत होता.

हे ज्या लघुलहरींवर चाललं, त्यांची कथा सरांना सांगायला हवी होती. १९१२ मध्ये अमेरिकेने कायदा केला आणि हौशी रेडिओवाल्यांना २०० मीटरच्या खालच्या लहरींवर ढकललं. मोठ्या कंपन्यांना आणि नौदलाला लांब लहरी हव्या होत्या. आखूड लहरी फार लांब जात नाहीत, तेव्हा खेळा तिकडे, असा तो हिशोब. हे हौशी लोक खेळले, मोजत राहिले, नोंदी ठेवत राहिले. नोव्हेंबर १९२३ मध्ये त्यांनी साधारण १०० मीटरच्या लहरींवर अटलांटिकच्या आरपार दुतर्फा संवाद साधला. चार वर्षांनी दौंड उभं राहिलं. जाणकारांनी टाकून दिलेला तुकडा बिनपदवीच्या माणसांनी उचलला आणि त्यातून जगभरची सेवा उभी राहिली.

आणि रेडिओ वेगळा, मोटर-वीज वेगळी, ही भिंतसुद्धा फक्त कॉलेजच्या टाइमटेबलात आहे. १९३२ मध्ये आंरी द बेलसीझ या फ्रेंच इंजिनिअरने रेडिओ रिसीव्हरसाठी एक युक्ती मांडली. बाहेरून येणाऱ्या लहरीशी आपल्या सर्किटातली लहर सतत ताडून बघायची आणि फरक पडला की आपली लहर ओढून जुळवून घ्यायची. तिला आज ‘फेज-लॉक्ड लूप’ म्हणतात. ती तुमच्या हातातल्या फोनमध्ये आहे. आणि शेजारच्या गच्चीवर सोलर लावलं असेल, तर त्याच्या इन्व्हर्टरमध्येही आहे, कारण ग्रिडच्या ५० हर्ट्झच्या लहरीशी ताळ जमल्याशिवाय गच्चीवरची वीज तारेत सोडता येत नाही. रेडिओसाठी शोधलेली गोष्ट अशी वीजबिलात येऊन बसली.

या ताळ जमवण्याच्या कामात सोलापूरचं नाव तर देशाच्या इतिहासात आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला ७६५ केव्हीची रायचूर–सोलापूर लाइन सुरू झाली. तोवर दक्षिण भारताचं ग्रिड उरलेल्या देशाशी फक्त डीसी दुव्यांनी जोडलेलं होतं, म्हणजे दोघांची नाडी वेगळी चालायची. या लाइनने ती एक झाली. काश्मीर ते कन्याकुमारी एकच फ्रिक्वेन्सी, आणि गाठ बसली ती आपल्या गावात. माझ्या चार वर्षांच्या पदवीत हा प्रसंग एकदाही शिकवला गेला नाही. लंडनच्या फॅरेडेबद्दल मात्र पाच मार्कांची टीप होती.

सोलापुरात वीज-विज्ञान कमी नाही. कमी आहे ती इथला प्रश्न हा प्रश्न आहे असं मानायची हिंमत. प्रश्न आपण उधार आणतो आणि उत्तरं विकत.

म्हणून आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. सोलापुरी चादर आणि टॉवेल ज्या लूमवर विणले जातात, त्याला साधारण एक हॉर्सपॉवरची मोटर असते. प्रमाणित आकड्यांनुसार ०.७५ किलोवॅटच्या चार पोलच्या आयई-१ मोटरची कार्यक्षमता ७२.१ टक्के असते, आयई-३ ची ८२.५. पूर्ण लोडवर दोघींत तासाला ०.१३ युनिटचा फरक पडतो. दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर साधारण ४७० युनिट होतात. लूमची मोटर सतत पूर्ण लोडवर नसते, म्हणून निम्मेच धरा. तरी आठ लूमच्या शेडला वर्षाला अठराशेच्या वर युनिट.

‘मग सगळ्यांनी नव्या मोटरी घ्याव्यात!’ हे उत्तर लगेच येतं. येऊ द्या, पण दोन गोष्टी ऐका. एक, कार्यक्षमतेचे हे आकडे स्थिर लोडवर मोजलेले असतात. लूमचा लोड स्थिर नसतोच. धोटा फेकताना झटका बसतो, फणी वाण ठोकते तेव्हा दुसरा झटका, मध्ये मोटर जवळपास मोकळी. करंट दर फेकीला वर-खाली होतो. अशा झटक्यांच्या कामात आयई-३ चा फायदा किती उरतो? त्यात भर कमी व्होल्टेजची. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गावर चालतो, म्हणजे व्होल्टेज १० टक्के पडलं की जोर १९ टक्के पडतो. मग मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि आमच्या दुकानात येते.

दोन, दुकानात आल्यावर काय होतं? जळालेलं वाइंडिंग काढायला आम्ही स्टेटर तापवतो. स्टेटर अखंड लोखंडाचा नसतो. पातळ पत्र्यांची चवड असते आणि प्रत्येक पत्र्यावर इन्सुलेशनचा थर असतो. जास्त तापवलं तर हा थर जातो, पत्र्यांमध्ये एडी करंट वाढतात आणि मोटर बिनकामाची तापायला लागते. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या मोटर दुरुस्तीवाल्यांच्या संघटनांनी यावर एकत्र अभ्यास करून २००३ मध्ये निष्कर्ष छापले. तापमान साधारण ३७० अंशांच्या आत ठेवलं, तारेचा गेज आणि टर्न नीट राखले, तर रिवाइंड केलेल्या मोटरची कार्यक्षमता टिकते. बघा, जगात रिवाइंडिंगवर संशोधन झालं आणि ते दुरुस्तीवाल्यांनीच घडवून आणलं. पण त्यातल्या मोटरी मोठ्या होत्या. लूमवरची एक हॉर्सपॉवरची मोटर त्यात नव्हती. ती सोलापुरात आहे, इचलकरंजीत आहे, मालेगाव-भिवंडीत आहे. तिचा अभ्यास बर्लिनमधून कोणी येऊन करणार नाही.

‘पण बीएलडीसी येतेय की, तुमची रिवाइंडिंगची दुकानंच राहणार नाहीत,’ असा शेवटचा वार असतो. बीएलडीसी चांगलीच आहे. साधा पंखा ७५ वॅट खातो तिथं ती तीसच्या आत काम करते. पण तिच्या पोटात बहुधा चुंबक असतात, आणि ताकदवान मोटरीत ते निओडिमियमचे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि भारतातल्या गाड्यांच्या कारखान्यांची झोप उडाली. म्हणून आज जगभर चुंबकाशिवाय चालणाऱ्या मोटरींवर काम चाललंय. बेंगळुरूची चारा टेक्नॉलॉजीज रिलक्टन्स मोटरी बनवते. ही कल्पना १९२० च्या दशकातली आहे, म्हणजे सरांच्या भाषेत कधीच ‘संपलेली’. अशा मोटरीत तांबं असतं, पत्रे असतात, आणि ती माझे पप्पा उघडून दुरुस्त करू शकतात. उलट पंख्यातलं कंट्रोल बोर्ड गेलं की अख्खा पंखा भंगारात जातो. दुरुस्त होऊ शकणारी मोटर बनवणं हाही संशोधनाचा प्रश्न आहे. तो दुरुस्त करणाऱ्याला विचारल्याशिवाय सुटणार नाही.

हा बदल दारात आलाय हे आपल्या कारखानदारांना कळलंय. जगभरच्या इंजिनांना कॅमशाफ्ट पुरवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स सोलापूरची. इलेक्ट्रिक गाडीत कॅमशाफ्ट नसतोच. या कंपनीने २०१८ मध्येच नेदरलँड्समधल्या इमॉस या इलेक्ट्रिक ट्रकवाल्या कंपनीत हिस्सा घेतला. बाजाराला जे सात-आठ वर्षांपूर्वी कळलं, ते आपल्या प्रोजेक्टच्या यादीत अजून आलेलं नाही.

पैसे नाहीत, हे कारण मला सांगू नका. या कामाला पावर ॲनालायझर, तापमान मोजायचा थर्मोकपल आणि वही लागते. हजेरीच्या त्या विकतच्या सिस्टिमला आम्ही चौघींनी मिळून जे पैसे दिले, त्यात थर्मोकपल सहज आला असता. आणि वही तर तयारच आहे. पप्पांकडे तीस वर्षांच्या वह्या आहेत. प्रत्येक मोटरचे स्लॉट, पिच, टर्न, गेज, आणि कशाने जळाली याची एक ओळ. फेज गेला. बेअरिंग जाम. पाणी शिरलं. अशा वह्या गावागावांतल्या दुकानांत तेलकट होऊन पडल्या आहेत. ‘डेटा नाही’ म्हणणाऱ्या मास्तरांनी एकदा तरी दुकानाची पायरी चढावी. आणि पेपर छापलाच, तर वही ज्याची त्याचं नाव आभाराच्या तळटीपेत घालू नये, लेखकांत घालावं.

मी गेल्या दिवाळीपासून सुरुवात केली आहे. सेकंडहँड पावर ॲनालायझर घेतला. शनिवारी पुण्याहून येते, रविवारी मोजते. अकरा मोटरी झाल्या. अकरांवरून काही सिद्ध होत नाही, म्हणून आकडे इथं देत नाही. शंभर होऊ द्या. तुम्ही शेवटच्या वर्षाला असाल आणि गावात रिवाइंडिंगचं दुकान असेल, तर तुमच्या शंभर मोजा. मग बोलू.

पप्पांचा आधी विरोध होता. ‘गिऱ्हाइकाला संध्याकाळी मोटर पाहिजे असती, तुझं मोजत बसू का?’ लूम बंद म्हणजे मजुरी बंद, हे त्यांचं बरोबरच होतं. गेल्या रविवारी एक लूमवाले काका मोटर घेऊन आले आणि नेहमीसारखं विचारलं, ‘पाचपर्यंत हुईल का?’

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, ‘सहा वाजता या की. टेस्टिंगला तासभर लागतंय.’