‘औदुंबर’, आबालालांची निसर्गचित्रे आणि होटगीचा तलाव : भावसाम्याच्या तुलनेविषयी

कविता आणि निसर्गचित्र यांची तुलना मराठीत नवी नाही. बालकवींच्या निसर्गकवितेविषयी लिहिताना ‘शब्दचित्र’, ‘रंगांची उधळण’, ‘कुंचला’ या संज्ञा इतक्या सहजपणे वापरल्या जातात, की त्या मुळात दुसऱ्या कलेतून उसन्या आणलेल्या आहेत याचे भानही राहत नाही. अलीकडे तौलनिक अभ्यासाच्या अभ्यासपत्रिकांमुळे या उसनवारीला पद्धतीचे रूप आले आहे. एक कविता घ्यावयाची, तिच्याशी ‘भावसाम्य’ असणारे एक चित्र घ्यावयाचे, दोहोंत शांतता आहे, उदासी आहे, एकाकीपण आहे असे दाखवावयाचे आणि विवेचन तेथेच थांबवावयाचे. या पद्धतीत तुलना जेथे सुरू व्हावी नेमकी तेथेच संपते. दोन कलाकृतींमध्ये एकच भाववृत्ती जाणवणे ही केवळ एक नोंद आहे. ती भाववृत्ती कोणत्या साधनांनी निर्माण झाली आणि त्या साधनांमुळे ती खरोखर ‘एकच’ राहिली काय, हा अभ्यासाचा प्रश्न आहे.

या दृष्टीने बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता आणि कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांची पाण्याकाठची निसर्गचित्रे हे उदाहरण उद्बोधक ठरावे. दोघांच्या कार्यकाळात काही समान वर्षे आहेत. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, तेव्हा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून परतलेले आबालाल शाहू छत्रपतींच्या आश्रयाने चित्रे काढीत होते. एकाची भूमी खानदेशची, दुसऱ्याची करवीरची. परस्परांशी संपर्क नाही. तरीही काठ, पाणी, झाडी आणि माणसाची अनुपस्थिती यांतून उभे राहणारे वातावरण दोघांत आढळते हे कोणीही मान्य करील.

परंतु हे वातावरण ‘उदास’ आहे असे ज्या आधारावर म्हटले जाते, तो आधार पुष्कळदा कलाकृतीत नसतो, चरित्रात असतो. बालकवी १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेले. म्हणून ‘औदुंबर’मधील काळा डोह मृत्यूची चाहूल देणारा ठरतो. १९२२ साली शाहू महाराजांचे निधन झाल्यावर आबालालांनी शोकावेगाने आपली अनेक चित्रे तलावाला अर्पण केली अशी आख्यायिका आहे. म्हणून त्यांच्या चित्रांतील पाणीही शोकाचे ठरते. दोन दुःखद चरित्रकथा शेजारी ठेवल्या की दोन कलाकृतींचे भावसाम्य आपोआप सिद्ध होते! वस्तुतः या कवितेत पाण्यावर पसरणाऱ्या काळिम्याला कवीने ‘गोड’ हे विशेषण लावले आहे. उदासीचा अन्वय लावणाऱ्या टीकाकाराला हा एक शब्द अडचणीचा असतो आणि बहुधा तो त्यावरून पुढे निघून जातो. रसनेचे विशेषण रंगाला लावण्याची ही सोय चित्रकाराला नाही. त्याला काळा रंग निळ्याजवळ वा हिरव्याजवळ ठेवून त्याची कडवट धार कमी करावी लागते. परिणाम कदाचित जवळचा होईल. मार्ग मात्र सर्वस्वी वेगळा आहे.

‘औदुंबर’ची रचना या संदर्भात बारकाईने पाहण्याजोगी आहे. अवघ्या आठ ओळींची ही कविता. प्रारंभी दोन्ही तीर आणि प्रवाह, मग टेकडीकडचे लहानसे खेडे, मग शेते, त्यांतून तिरकी जाणारी पांढरी पाऊलवाट, मग ती वाट जेथे पोहोचते ते काळे पाणी, आणि अगदी शेवटी झाड. हिरवा रंग तीनदा येतो, पांढरा एकदा आणि काळा दोनदा. हे दोन्ही काळे उत्तरार्धात आहेत. म्हणजे रंगांनाही क्रम आहे. हिरव्याच्या दाटीतून एक पांढरी रेघ वाचकाला काळ्यापर्यंत नेते. वाटेवर माणूस नाही, पण वाट चालते आहे. चालणाऱ्याचे काम वाचकाच्या दृष्टीकडे आले आहे. शीर्षकात झाडाचे नाव आधीच सांगून टाकलेले आहे आणि प्रत्यक्ष झाड कवितेच्या अंतिम शब्दापर्यंत रोखून धरले आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की झाडाच्या आधी त्याची सावली येते. पाणी झाकोळलेले दिसते आणि ते कोणी झाकोळले हे नंतर कळते. कार्य आधी, कारण मागाहून. कवितेतील शांततेला जे किंचित गूढ अस्तर आहे, ते या व्युत्क्रमातून आलेले आहे. डोहाच्या काळेपणातून नव्हे.

आता हेच दृश्य चित्रकाराकडे सोपविले तर काय होईल? पाण्यात उतरलेला वृक्ष अग्रभागी येईल, आकाराने सर्वांत मोठा असेल आणि प्रेक्षकाची दृष्टी प्रथम त्याच्यावरच पडेल. जो कवितेत शेवटी येतो तो चित्रात पहिला येईल. चित्रकार कितीही समर्थ असो, झाडाला उशिरा यायला तो सांगू शकत नाही. फार तर त्याला अंधारात मिसळून टाकून सापडण्यास विलंब लावील. लेसिंगने १७६६ साली ‘लाओकून’मध्ये काव्य ही काळात उलगडणारी व चित्र ही अवकाशात मांडली जाणारी कला असा भेद केला, तो मराठी वर्गांतून दरवर्षी शिकविला जातो. मात्र प्रत्यक्ष कवितेपुढे बसल्यावर त्याचा उपयोग क्वचितच केला जातो, हे थोडे नवलाचे आहे.

उलट बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर तुलना कवितेच्या बाजूने झुकेल. मराठी विभागांत ती तशी झुकतेच. ‘हिरवा’ हा शब्द तिन्ही वेळा तोच आहे. काठावरच्या गवताचा, शेताचा आणि कुरणाचा हिरवा यांत भेद करण्याचे काम कवीने वाचकाच्या स्मरणावर टाकले आहे. आबालालांसारख्या चित्रकारापुढे ‘हिरवा’ असा काही रंगच नसतो. रंगाचे लहान लहान ठिपके शेजारी शेजारी ठेवून तो हवेतील दमटपणा, उन्हाचा कोन, पाण्यावरची किंचित थरथर निर्माण करतो. युरोपात न जाता त्यांनी दृक्प्रत्ययवादी चित्रकारांच्या जवळची रीत कशी गाठली याचे कौतुक होत आले आहे. ते योग्यच, पण त्यांचे रंग कोल्हापूरच्या पावसाळी, ओलसर हवेचे आहेत हे त्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. चित्रातील भाववृत्ती तेथील हवेपासून सुटी करता येत नाही.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारातील ‘भावनानिष्ठ समतानता’ ही संकल्पना येथे उपयोगी पडते. दोन वस्तूंमध्ये बाह्य साम्य नसताना त्यांचे भावनिक मूल्य समान असू शकते, हे तिच्यातील मर्म. कविता व चित्र यांना ती लावली तर पुष्कळ गोंधळ टळेल. कवितेत झाड आहे म्हणून चित्रातही झाड शोधावयाचे, तिच्यात डोह आहे म्हणून तळे शोधावयाचे, ही वस्तुसाम्याची शोधाशोध आहे. ‘औदुंबर’शी समतान असणारे चित्र कदाचित झाड नसलेलेच असेल. ज्यात उजळ भागातून दृष्टी हळूहळू सरकत एका गडद भागाशी येऊन थांबते, पण तेथे भय वाटत नाही, असे कोणतेही चित्र तिला अधिक जवळचे. मर्ढेकरांनी सांगितलेले संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे नियम दोन्ही कलांना लागू पडतात ते याच पातळीवर.

भावसाम्य परंपरेने आधीच ठरवून दिलेले असते, तेव्हा गोष्ट वेगळी असते. सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या दख्खनी रागमालाचित्रांचे उदाहरण घ्यावे. रागाचे ध्यान श्लोकबद्ध होते, नायक-नायिका, ऋतू, प्रहर ठरलेले होते. चित्रकार त्या संकेताच्या आधाराने चित्र रचीत असे. ‘किताब-ए-नवरस’ रचणाऱ्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात गीत, राग आणि चित्र यांच्यात अशा प्रकारचा करारच होता असे म्हणावयास हरकत नाही. बालकवी आणि आबालाल यांच्यात असा कोणताही करार नाही. म्हणून त्यांच्यातील साम्य जितके गृहीत धरले जाते, तितके ते सिद्ध करण्याची जबाबदारी वाढते.

इब्राहिमाच्या विजापूरकडे सोलापूरहून रेल्वेने जाताना फाटा लागतो तो होटगी जंक्शनवर. सोलापूरपासून लोहमार्गाने सुमारे पंधरा किलोमीटरांवरचे हे ठिकाण येथे केवळ प्रवासापुरते आलेले नाही. प्रस्तुत प्रश्नाची खरी कसोटी तेथे लागते. होटगीच्या परिसरातून सोलापुरातील महाविद्यालयात येणारा विद्यार्थी ‘औदुंबर’ वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? या भागाचा हुकमी पाऊस श्रावणातला नव्हे, परतीचा. काळ्या रानात ज्वारीची पेरणी होते ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जमिनीत मुरलेल्या ओलीच्या भरवशावर. रान हिरवे होते ते थंडीत, हुरड्याच्या दिवसांपर्यंत. फेब्रुवारी-मार्चात काढणी झाली की पुन्हा काळे, भेगाळलेले. होटगीच्या तलावाचे पाणी हिवाळ्यात भरलेले असते आणि तेव्हा तेथे स्थलांतरित पक्षी उतरतात. उन्हाळ्यात काठ मागे सरतो आणि वाळलेल्या चिखलाचा करडा पट्टा रुंदावत जातो. दूरवर बाभळी, कडुनिंब, मुरमाड माळ. येथे ‘काळा’ हा डोहाचा वा मृत्यूचा रंग नाही. तो जमिनीचा, पिकाच्या आशेचा रंग आहे. ‘पांढरी’ म्हणजे गावठाणाची जमीन आणि ‘काळी’ म्हणजे पिकाची, हा भेद या विद्यार्थ्याला कोणी शिकवावा लागत नाही. अशा वाचकाला पांढऱ्या वाटेने काळ्याकडे जाण्यात उदासी दिसेलच असे नाही. काळिम्याचे ‘गोड’ असणे समीक्षकापेक्षा त्यालाच कदाचित लवकर पटेल.

औदुंबर या नावाचेही तसेच. होटगीहून वाडीकडे जाणाऱ्या मार्गावर गाणगापूर रोड हे स्थानक आहे. दत्तभक्तांची ये-जा या मार्गावर सतत चालू असते. या पट्ट्यातील वाचकाला औदुंबर हा केवळ वृक्ष नसतो. त्याच्या तळी दत्ताचे स्थान असते, पारायणे असतात. त्यामुळे पाण्याशी निश्चल बसलेल्या वृक्षात त्याला समाधिस्थ योगी दिसला तर तो अन्वय चुकीचा म्हणता येणार नाही. मान्यवर टीकाकारांनीही या कवितेकडे तसे पाहिले आहे. चित्रातील झाडाला मात्र नाव नसते. खोडाला लगडलेली उंबरे दाखविली तरच ते औदुंबर. एरवी ते नुसते झाड. शब्द ज्या श्रद्धा व स्मृती बरोबर घेऊन येतो, त्या रंगाला आणता येत नाहीत आणि म्हणून एकाच विषयाच्या कवितेत व चित्रात ‘समान’ भाववृत्ती येण्याची शक्यता वाटते त्याहून पुष्कळ कमी असते.

येथे एक आक्षेप घेता येईल. प्रत्येक वाचकाच्या गावाप्रमाणे कवितेची भाववृत्ती बदलू लागली तर समीक्षेला स्थिर असे काही उरणार नाही. आक्षेप रास्त आहे, परंतु तो रचनेला लागू पडत नाही. झाड शेवटी येते, सावली आधी पडते, हिरव्यानंतर पांढरा व मग काळा येतो, या गोष्टी होटगीच्या वाचकालाही बदलता येत नाहीत. बदलतो तो त्या रचनेतून उमटणारा भाव. प्रचलित पद्धत जे बदलते त्याला स्थिर मानते आणि जे स्थिर आहे त्याच्याकडे दुर्लक्ष करते.

या दुर्लक्षाचा दुसरा तोटा अधिक गंभीर आहे. ‘निसर्ग’ म्हणजे ओला, हिरवा, झुळझुळता निसर्ग ही व्याख्या पाठ्यपुस्तकांनी रूढ केली आणि अवर्षणप्रवण प्रदेशातील विद्यार्थी स्वतःच्या परिसराला निसर्ग म्हणण्यासच कचरू लागला. कोल्हापूरच्या तळ्यांना जे आबालालांमुळे लाभले, ते कोरड्या माळाला सहजी लाभले नाही. वास्तविक या प्रदेशात काव्य आणि भूदृश्य यांचे नाते फार जुने आहे. बाराव्या शतकात सोन्नलिगेच्या, म्हणजे आजच्या सोलापूरच्या, सिद्धरामांनी कन्नडमध्ये वचने रचली आणि लोकांना बरोबर घेऊन तलावही खोदविला. भूदृश्य वर्णन करणारे कवी पुष्कळ. ते घडविणारा कवी विरळा. मराठी व कन्नड शेजारी नांदणाऱ्या होटगीसारख्या गावात ही परंपरा परकी नाही. मराठी विभागांच्या तौलनिक अभ्यासात मात्र ती कन्नडची म्हणून बाजूला राहते.

शिवाय भूदृश्य स्थिर राहिलेले नाही. होटगी–गदग हा एकेकाळचा मीटरगेज मार्ग आता रुंद झाला आहे. जवळच फताटेवाडी येथे १३२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे. त्याच्या धुरांड्या माळावर दुरून दिसतात. या क्षितिजाची भाववृत्ती कोणती, याचे तयार उत्तर ना बालकवींकडे आहे ना आबालालांकडे. म्हणूनच येथे साधनांचा विचार टाळता येणार नाही. उभी रेघ आडव्या क्षितिजाला छेदते तेव्हा चित्रात काय घडते आणि तीच धुरांडी ओळीच्या आरंभी आली वा अखेरीस आली तर कवितेत काय घडते, हे विद्यार्थ्याला स्वतःच तपासावे लागेल.

त्यासाठी मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही. ‘औदुंबर’ शिकविताना वर्ग एकदा ऑक्टोबरात आणि एकदा एप्रिलमध्ये होटगीच्या तलावाकाठी न्यावा. दोन्ही वेळा विद्यार्थ्यांनी दृश्य ज्या क्रमाने दिसले त्या क्रमाने लिहावे आणि कागदावर रेखाटावेही. रेखाटन वाईट आले तरी चालेल. लेखनात जे अखेरीस आले ते रेखाटनात कोठे गेले, एवढेच नंतर वर्गात पाहावे. प्रश्नपत्रिकेतही ‘पुढील कविता व चित्र यांतील भावसाम्य स्पष्ट करा’ या प्रश्नाऐवजी असे विचारता येईल : ‘औदुंबर’चे चित्र काढणाऱ्या चित्रकाराने कवितेतील कोणती गोष्ट गमावणे अटळ आहे, आणि तिच्या बदल्यात त्याच्या हाती काय येते?