बल्ब बदलला, अंधार तसाच

ऑक्टोबर सरत आला की साखर कारखान्यांच्या गळिताची तयारी सुरू होते आणि सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या रात्रंदिवस धावू लागतात. त्यांतले कितीतरी ट्रक पंधरा-वीस वर्षांचे असतात. इंजिन खोललेले, पाटे बदललेले, टायर रिमोल्ड केलेले. एवढा खर्च सोसणारा मालक हेडलाइटच्या बाबतीत मात्र एकच उपाय जाणतो: उजेड कमी झाला की बल्ब बदला. नवा बल्ब लागतो, पण रस्ता पूर्वीइतकाच पिवळट दिसतो.

जुन्या ट्रकचा मंद दिवा हे बहुतेक वेळा बल्बचे नव्हे, वायरिंगचे दुखणे असते. ते मोजून शोधता येते आणि थोड्या पैशांत बरेही होते. पण सुट्या भागाचे पैसे देणारा मालक दोष शोधण्याच्या मजुरीला खळखळ करतो. अंधाराचे मूळ या सवयीत आहे.

हॅलोजन बल्बचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा. व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटले तर उजेड 10 नव्हे, सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट मिळतात आणि हेडलाइटला सर्वसाधारणपणे 75/70 वॅटचा बल्ब असतो. दोन्ही बाजूंचे अप्पर लागले की सहा अँपिअरच्या आसपास वीज वाहते. तिच्या वाटेत कुठे अर्ध्या ओहमचा अडथळा असेल तर जवळपास तीन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि एक तृतीयांश उजेड रस्त्यावर पोचतच नाही. टाटा 407 सारख्या 12 व्होल्टच्या गाडीत तर एक व्होल्ट गेला तरी पाव हिस्सा उजेड जातो.

हे अडथळे ठरलेल्या जागी सापडतात. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूज, डॅशबोर्डवरचा स्विच आणि डिपर स्विच ओलांडून होल्डरपर्यंत येते, बल्ब पेटवते आणि अर्थिंगमधून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतते. रिले नसलेल्या जुन्या गाडीत हा सगळा भार स्विचच्या बारीक काँटॅक्टवर पडतो. ते जळून काळे होतात. होल्डरच्या पत्त्या सैल पडतात, तापतात, त्यांचे प्लास्टिक करपते. पावसाळ्यात टर्मिनलवर हिरवट थर चढतो, कोकणातल्या खाऱ्या हवेत तो आणखी लवकर.

सर्वांत दुर्लक्षित जागा अर्थिंगची. केबिन रबरी बुशांवर बसलेली असते, त्यामुळे तिला चॅसीशी जोडणारी वेगळी पट्टी लागते. रंगकामासाठी केबिन उतरवली आणि ती पट्टी पुन्हा नीट कसली नाही, किंवा अर्थिंगच्या बोल्टखालीच रंग गेला, की त्या दिवसापासून दिवे मंदावतात. दोष मात्र बल्बच्या कंपनीला जातो.

लक्षणे नीट पाहिली तर निम्मे निदान तिथेच होते. एकच दिवा मंद असेल तर त्या बाजूचा होल्डर किंवा अर्थिंग पाहावे. दोन्ही मंद असतील तर स्विच, फ्यूज, मुख्य वायर असा दोन्हींचा सामाईक मार्ग तपासावा. डिपर लावल्यावर एक दिवा मिणमिणतो आणि डॅशबोर्डवरची अप्परची निळी खूणही अंधूक पेटते, तेव्हा त्या दिव्याची अर्थिंग गेलेली असण्याची शक्यता दाट. परतीची वाट बंद झालेली वीज बल्बच्या दुसऱ्या फिलामेंटमधून पलीकडच्या दिव्याकडे वळते. बल्ब वरचेवर उडत असतील तर चार्जिंग मोजावे. 24 व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना मीटर 28 च्या आसपास हवा. तो 30 दाखवत असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे, कितीही बल्ब घातले तरी उडणारच. फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर कुठेतरी वायर पत्र्याला घासून सोललेली असते. तिथे जाड फ्यूज किंवा तांब्याची तार बसवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

तपासणी साधी असली तरी तिच्यात एक मेख आहे. होल्डर बल्बपासून काढून मीटर लावला तर पूर्ण 24 व्होल्ट दिसतात आणि सगळे ठीक आहे असे वाटते. वीज वाहतच नसेल तर अडथळा दिसणार कसा? म्हणून मोजमाप दिवा पेटता ठेवूनच करायचे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरे होल्डरच्या चालू पिनला. दिसेल तो आकडा म्हणजे वाटेत गमावलेले व्होल्ट. मग तसेच बॅटरीचे निगेटिव्ह आणि होल्डरची अर्थिंगची पिन. दोन्हीकडे आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग निरोगी. एक व्होल्ट किंवा जास्त असेल तर मीटरचे टोक एकेका जोडाने मागे सरकवत जायचे. आकडा ज्या जोडापाशी एकदम उतरतो, दोष तिथे असतो.

पुढचे काम तर अगदीच सोपे: पत्रा घासून अर्थिंगचा लग नव्याने कसणे, करपलेला होल्डर बदलणे, बॅटरीकडून फ्यूज लावून जाड वायर आणणे आणि रिले बसवणे. रिले आला की जुन्या स्विचवर अँपिअरच्या लहानशा अंशाचाच भार राहतो.

हे टाळून केले जाणारे दोन उपाय घातक आहेत. पहिला, 100/90 वॅटचा बल्ब. आजारी वायरिंगमधून त्याने जास्त वीज ओढली की व्होल्टेज आणखी पडते आणि होल्डर वितळतो. दुसरा, हॅलोजनच्या काचेत बसवलेला स्वस्त एलईडी. एच-4 बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा प्रकाश ती अडवते. रिफ्लेक्टरचा आकारही त्या फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. त्या जागेशी न जुळणारा एलईडी प्रकाश इतस्ततः फेकतो. चालकाला झगमगाट दिसतो, पण आंबोली घाटात समोरून येणारा दुचाकीस्वार क्षणभर आंधळा होतो. असे एलईडी खुलेआम विकले जातात, हे थांबले पाहिजे.

व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम 2021 मध्ये आले. या केंद्रांत हेडलाइटची तपासणी यंत्रावर होते, हे स्वागतार्हच आहे. पण यंत्राला त्या घडीचा उजेड दिसतो. महिन्याभरात वितळू पाहणारा होल्डर त्याला दिसत नाही. जुन्या गाड्यांच्या तपासणीत पेटत्या दिव्यावर होल्डरपाशी व्होल्टेज मोजण्याची अट घालायला हवी. त्यासाठी साधा मल्टिमीटर आणि काही मिनिटे पुरतात.

ती अट येईपर्यंत मालकांनी वाट पाहू नये. हंगामाआधी अर्धा दिवस गाडी वायरमनकडे लावा, त्याच्या निदानाची मजुरी खळखळ न करता द्या आणि दोन्ही दिव्यांवर मोजलेले व्होल्टेज बिलावर लिहून घ्या.