दिवसाची लाईट हाही आरोग्याचाच प्रश्न

कोळशाकडून सौरऊर्जेकडे जाण्याची चर्चा निघाली की बोलणे कार्बनवर आणि हिमनद्यांवर जाते, फार तर विजेच्या बिलावर येऊन थांबते. महाराष्ट्रातल्या बागायती गावात मात्र हाच विषय वेगळ्या प्रश्नाच्या रूपाने येतो : ‘या आठवड्यात लाईट दिवसाची की रात्रीची?’ शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते. दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, अशी ही वर्षानुवर्षांची रीत. रात्रीची पाळी आली की गहू, कांदा, ऊस भिजवायला शेतकऱ्याला अंधारात शेत गाठावे लागते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरे आणि पायात बहुधा साधी चप्पल. एक वाफा भरला की दार मोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचे, हे काम पहाटेपर्यंत चालते.

वीज रात्रीच का द्यायची, याचे उत्तर कोळशात आहे. औष्णिक केंद्रातला संच चुलीसारखा हवा तेव्हा पेटवता-विझवता येत नाही. बॉयलर थंड पडला तर पुन्हा पूर्ण क्षमतेवर यायला कित्येक तास लागतात. त्यामुळे संच रात्रीही चालू ठेवावे लागतात. शहरे झोपली, कार्यालये बंद झाली की विजेची मागणी उतरते. ती पोकळी भरून काढण्यासाठी आणि दिवसाचा ताण कमी करण्यासाठी शेतीचा भार रात्रीकडे सरकवला गेला. ग्रीडच्या हिशेबात हे शहाणपणाचे होते. पण शेतकऱ्याच्या अंगावर त्याची जी किंमत पडली, ती त्या हिशेबात कधी धरलीच गेली नाही.

पहिली किंमत सापाची. मण्यार आणि फुरसे निशाचर आहेत, घोणसही अंधार पडल्यावर अधिक हिंडते. भिजलेल्या पिकात उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले बहुतेक सगळे ग्रामीण भागातले. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले असल्याने सगळा दोष रात्रीच्या सिंचनावर टाकता येणार नाही. तरीही अंधारात, गवतातून, ओल्या बांधावरून रोज माणसे पाठवायची आणि दंश कमी होण्याची अपेक्षा धरायची, हे विसंगत आहे. त्यात विंचू आहेत, ओल्या हातांनी हाताळलेला स्टार्टर आहे. जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात बिबट्याही आहे. दिवसा वीज द्या, ही तिथल्या गावांची मागणी त्यातूनच आली.

दुसरी किंमत झोपेची, आणि ती कुठल्याच नोंदीत दिसत नाही. शरीरातले जैविक घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल मिळाले. हे घड्याळ एका रात्रीत उलटे फिरत नाही, त्याला जुळवून घ्यायला दिवस लागतात. ते जुळते न जुळते तोच पाळी बदलली, तर शरीराला धड दिवस सापडत नाही, धड रात्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे. कारखान्यातल्या कामगाराला रात्रपाळीचा भत्ता तरी मिळतो. शेतकरी उभा जन्म पाळी करतो, पण त्याला पाळीचा कामगार कुणी म्हणत नाही.

इथे सौरऊर्जा नेमकी बसते. सौरऊर्जेवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे सूर्य मावळला की वीज संपते आणि साठवणूक महाग पडते. शहरातल्या संध्याकाळच्या मागणीसाठी तो खराच आहे. पण पिकाला पाणी दुपारी दिले काय किंवा सकाळी दिले काय, चालते. सूर्य असेल तेव्हा पंप चालवायचा. बॅटरीची गरजच नाही. ढगाळ पावसाळ्यात वीज कमी होते, पण तेव्हा सिंचनाची गरजही कमी असते. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ २०१७ मध्ये आली, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. उपकेंद्राजवळ छोटा सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, ही तिची साधी कल्पना. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात सुरू झाला.

अडचणी आहेत आणि त्या झाकून चालणार नाही. प्रकल्पासाठी गायरान घेतले तर मेंढपाळाने जनावरे कुठे न्यायची, याचे उत्तर ग्रामसभेत द्यावे लागेल. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे. त्यात ती दिवसाही मिळू लागली तर विहिरी आणि बोअर वेगाने आटतील, ही भीती खरी आहे. पण रात्रीची वीज पाणी वाचवते असे मानणेही चूक. थंडीच्या रात्री ऑटो-स्टार्टर लावून माणूस घरी झोपतो आणि पाणी सकाळपर्यंत वाहत राहते. पाणी वाचवायचे तर ठिबक हवे आणि उपशावर गावाची शिस्त हवी. त्यासाठी माणसांना अंधारात पाठवण्याची गरज नाही.

शेतकरी सर्पदंशाने किंवा विजेच्या धक्क्याने गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून राज्य सरकार वारसांना दोन लाख रुपये देते. ते द्यायलाच हवेत. पण मृत्यूनंतर पैसे मोजणारे सरकार आणि दिवसा वीज देऊ शकणारे सरकार एकच आहे. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा केंद्राचा आराखडा २०२४ मध्ये जाहीर झाला, आणि दंशाची नोंद बंधनकारक करा, असे राज्यांना सांगण्यात आले. त्या नोंदीत दंश किती वाजता झाला आणि रुग्ण तेव्हा काय करत होता, हे दोन रकाने घालावेत. ती माहिती ऊर्जा विभागाने मागून घ्यावी आणि जिथे रात्री जास्त माणसे दगावतात, तिथले फीडर आधी सौरऊर्जेवर आणावेत. आज हा क्रम जमीन कुठे मिळते आणि उपकेंद्र किती जवळ आहे, यावर ठरतो. तो माणसांच्या जिवावरून ठरायला हवा.