वारला म्हटलं तर काय बिघडलं?

"कुत्रा मेला म्हणतात गं, वारला नाही म्हणत." इथे अमेरिकेत, आपल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हे वाक्य कानावर पडलं आणि आज महिना होत आला तरी ते डोक्यातून जात नाही. जिला ते ऐकवलं त्या मैत्रिणीच्या घरातला ब्रूनो आदल्याच आठवड्यात गेला होता. तिळगूळ वळायला का आली नाहीस असं कुणी विचारलं, म्हणून ती एवढंच म्हणाली की आमचा ब्रूनो वारला. त्यावर दोघीतिघी हसल्या, एकीने तिचं मराठी सुधारलं आणि वाणाची ताटं पुढे सरकली. मैत्रीणही हसली. चारचौघींत ती रडणार होती थोडीच!

मराठीच्याच मुद्द्यावर बोलायचं तर मला बरंच बोलायचं आहे. माझं माहेर जालना जिल्ह्यातलं, घर शेतकऱ्याचं. आमच्या घरात बैलाबद्दल "मेला" हा शब्द कुणी तोंडातून काढला असता तर आजीने त्याला ओसरीवरून उठवलं असतं. उंदीर मरतो, माशी मरते, डास मरतात. बैल जातो. आमचा ढवळ्या बैल गेला तेव्हा वडिलांनी, म्हणजे दादांनी, कामाला आलेल्या गड्याला "ढवळ्या गेला रे" एवढंच सांगितलं आणि ते गोठ्याकडे पाठ करून बसले. बांधाजवळच्या बाभळीखाली खड्डा खणला, मिठाचं पोतं आणलं, अंगावरची झूल तशीच ठेवून त्याला मातीआड केलं. त्या संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरची माणसं येऊन बसली. घरातलं माणूस गेल्यावर येऊन बसतात तशीच बसली. फार कुणी बोललं नाही. चहा झाला, दिवसभराची चौकशी झाली आणि उठताना एक म्हातारेबुवा दादांना म्हणाले, "लई राबला तुमच्यासाठी." राबला! नफा-नुकसानीचा हिशेब त्या बोलण्यात नव्हता. नवा बैल कितीला पडेल, हे बोलणं त्यांनी दुसऱ्या दिवसावर ठेवलं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. जू ओढून कडक झालेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची, पळसाच्या पानांनी शेकायचं आणि मग बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." घ्या आणि या! वर्षभर ज्याला "हो रं, चल रं" म्हणून हाकलं, त्याला त्या संध्याकाळी अहो-जाहो करून जेवायला बोलवायचं. पाटलाला किंवा व्याह्याला द्यावं तसं आमंत्रण. लहानपणी हे कानाशी म्हणण्याचा मान आम्हा पोरांना मिळायचा आणि आम्ही तो अगदी गंभीरपणे पार पाडायचो. बैलाचा गरम, ओलसर श्वास मनगटावर यायचा, कान एकदा हलायचा, आणि आवतण पोचलं याची आम्हाला खात्री पटायची.

आणखी एक आठवण करून देते. पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या प्रत्येकाची एसटी आळेफाट्याला थांबलेली आहे. तिथून जवळच, जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात, ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असं आपण मानतो त्या रेड्याची समाधी आहे. समाधी! खड्डा नाही, थडगं नाही. जो शब्द आपण आळंदीला वापरतो तोच आळ्याला वापरतो, आणि लोक तिथे हात जोडतात. ज्या भाषेला रेड्याची समाधी म्हणताना जड जात नाही, तिला ब्रूनो वारला म्हणताना जड जातं, हे मला कुणी पटवून द्यावं.

आता आमच्या घरातलं. आमचा लाडू शेल्टरमधून आणलेला, अर्धा लॅब्रेडॉर आणि अर्धा देव जाणे काय. शेवटी त्याचे मागचे पाय गेले, मूत्रपिंडं गेली, आणि आम्ही पशुवैद्य बाईंना घरी बोलावलं. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी लिहिते, कारण न पाहता फार बोललं जातं. आधी कातडीखाली गुंगीचं इंजेक्शन देतात. दहा-पंधरा मिनिटांत श्वास संथ होतो, जीभ थोडी बाहेर येते. मग पुढच्या पायावरचे केस बोटभर भादरून शिरेत नळी बसवतात. औषध गुलाबी रंगाचं असतं. ते शिरेत गेलं की हृदय काही मिनिटांत थांबतं, आणि डॉक्टर स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकतात. त्या वेळी सासूबाई आमच्याकडे आलेल्या होत्या. गुलाबी औषधाची सुई पुढे आली तशा त्या "थांबा" म्हणाल्या, देवघरातून गंगाजलाचा गडू आणि कुंडीतलं तुळशीचं पान घेऊन आल्या, आणि गुडघे दुखत असूनही खाली बसून त्यांनी ते पान त्याच्या तोंडात ठेवलं. डॉक्टरबाईंनी काही विचारलं नाही. सुई बाजूला धरून त्या थांबल्या.

या सासूबाई लाडूला पहिल्या दिवसापासून "ते कुत्रं" म्हणत आल्या होत्या. "ते कुत्रं जेवलं का?" "त्या कुत्र्याला थंडी वाजतेय, हीटर लावा." माझ्या मुलाला याचा फार राग यायचा. आजी, लाडू 'इट' नाहीये, 'ही' आहे, असं तो बजावायचा. इथल्या शाळेत मुलांना तसं शिकवतात आणि इंग्रजीपुरतं ते बरोबरही आहे. पण मराठीत बाळ तेच, लेकरू तेच, पिल्लू तेच, तो स्वतः रांगत होता तेव्हा आजी त्यालाही "उठलं का ते?" असंच विचारायची. यावर आणखीही लिहिता येईल. मला पुढच्या गोष्टीकडे जायचं आहे.

त्या रात्री सासूबाईंनी गावी फोन केला आणि म्हणाल्या, "आपला लाडू गेला हो." पलीकडून विचारणा झाली, कसा गेला? यांनी इंजेक्शनचं सांगितलं. त्यावर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे तुम्हीच मारलात की!" सासूबाई त्यानंतर दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. त्या गृहस्थांचा हेतू वाईट होता असं मला अजिबात वाटत नाही. मनात आलं ते ते बोलून गेले. पण माझं सगळं म्हणणं इथेच येऊन पोचतं. जो गेला त्याला आता कुठलाच शब्द ऐकू येत नाही. जो मागे राहिला तो ऐकत असतो. वारला, गेला, मेला, मारला यांतला कुठला शब्द वापरायचा हे ऐकणाऱ्याकडे बघून ठरवायचं असतं, हे आपल्याला माणसांच्या बाबतीत कुणी शिकवावं लागत नाही. एखाद्याचे वडील नाठाळ होते, आयुष्यभर त्यांनी सगळ्यांना छळलं, तरी त्याच्या तोंडावर आपण "गेले" म्हणतो. ती किंमत मुलाच्या दुःखाची असते. तीच आपल्या मैत्रिणीला नाकारायचं काय कारण?

कारण सांगतात ते असं: उद्या कुत्र्याचा तेरावा घालाल, मग माणसात आणि जनावरात फरक काय राहिला? फरक राहतोच. लाडूचं सुतक आम्ही धरलं नाही, धरावं असं माझं म्हणणंही नाही. "आमचं फर बेबी", "मी पेट पॅरेंट आहे" ही भाषा मलाही परकी वाटते. कुत्र्याला बाळ म्हटल्याने त्याला रोज दोन वेळा फिरवून आणण्याचं काम होत नसतं, आणि दिवसाचे दहा तास घरात एकटी कोंडलेली कितीतरी "बेबीज" आपल्या ओळखीच्या घरांत आहेत. पण एक साधं क्रियापद जिभेवर घेतल्याने माणुसकीची उतरंड कोसळेल ही भीती खरी नाही. दादांनी ढवळ्याला "गेला" म्हटलं आणि आजोबांनाही "गेले" म्हटलं. दोघांतला फरक गावाला कळत होता.

नावांचे वाद या देशात आणि बाहेरही पुष्कळ झाले आहेत. आपल्या शेजारच्या बोल्डर शहराने २००० साली नियमांत पाळीव प्राण्याच्या 'ओनर'ऐवजी 'गार्डियन' हा शब्द आणला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. पुढच्या वर्षी ऱ्होड आयलंड राज्यानेही तो शब्द कायद्यात घेतला. पशुवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेला तो मान्य नाही, कारण पालक म्हटल्यावर उपचाराचा निर्णय कुणाचा आणि जबाबदारी कुणाची यात घोळ होईल असं त्यांचं म्हणणं. ऑक्सफर्डचे अँड्र्यू लिन्झी आणि प्रिसिला कोन यांनी २०११ साली 'जर्नल ऑफ ॲनिमल एथिक्स' काढलं तेव्हा पहिल्याच अंकात 'पेट' हा शब्द सोडून 'कंपॅनियन ॲनिमल' म्हणा असं सुचवलं, आणि वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टर उडवली. जर्मनीने १९९० साली नागरी कायद्यात प्राणी या वस्तू नाहीत असं लिहून टाकलं, आणि लगेच पुढे असंही लिहिलं की वेगळी तरतूद नसेल तिथे वस्तूंचेच नियम लागू होतील. बोल्डरमध्ये शब्द बदलला तरी कुत्रा ही कायद्याने मालमत्ताच राहिली. म्हणून मला या नावांच्या भांडणात फारसं पडावंसं वाटत नाही. आमच्या दादांना कुणी बैलाचे गार्डियन म्हटलं असतं तर त्यांना काही अर्थबोध झाला नसता. ते धनी होते, आणि बैलाआधी जेवत नव्हते.

भारतातल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांविषयी मात्र थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही. भारत सरकारच्या २०२३ च्या नियमांनी त्यांना 'कम्युनिटी ॲनिमल' म्हटलं. आपले मराठी पेपर अजून 'मोकाट' आणि 'बेवारस' लिहितात. आमच्या गल्लीत असाच एक कुत्रा 'कोपऱ्यावरचा काळ्या' होता आणि त्याला पाच घरांची भाकरी मिळायची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा दिल्लीच्या कुत्र्यांबद्दलचा पहिला आदेश आला आणि दहा-बारा दिवसांत तो बदलला, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय भाषा वापरली गेली ते सगळ्यांनी वाचलं आहे. रेबीजने मूल जातं ती भीती खोटी नाही, ज्यांनी ते पाहिलं त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण "सगळ्यांना गोळ्या घाला" हे वाक्य लहान मुलं असलेल्या ग्रुपवर लिहायचं नसतं.

मुलांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. दर आषाढीला आपण मंडळात मुलांकडून नामदेवांचा प्रवेश बसवून घेतो. कुत्रा पोळी घेऊन पळतो, नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावतात, कोरडी खाऊ नकोस देवा म्हणतात. आया पदराने डोळे टिपतात. ते नाटक बघणारी मुलं हळदीकुंकवाला शेजारच्या खोलीत खेळत होती आणि दार उघडं होतं. नामदेवांची गोष्ट खरी की मावश्यांचं हसणं खरं, हे ती मुलं स्वतःच ठरवणार आणि आपल्याला सांगणार नाहीत. घरात मराठी बोला, मराठी टिकवा असं आपण त्यांना ऊठसूट सांगतो. टिकवायची ती मराठी दादांची आणि सासूबाईंची असू दे. बोलताना समोरच्याचा चेहरा बघायची सवय त्या मराठीला होती.

फार बोलले, आणि उपदेशाचा सूर लागला याची मला जाणीव आहे. त्या दिवशी हसलेल्या सगळ्या माझ्या जिवाभावाच्या आहेत. माझ्या बाळंतपणात यांनीच डबे पोचवले. कुणाचं मन दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागते. मुद्दा मात्र मागे घेत नाही.

कार्यकारिणीला एक विनंती आहे. आपल्या मासिक पत्रकात निधनवार्तांचं सदर असतं, ते माणसांचंच राहू द्या. पण 'घडामोडी'त आपण नवी घरं, बारशी, ग्रॅज्युएशन छापतो, त्यातच कुणी कळवलं तर "अमुक कुटुंबातला ब्रूनो गेला" अशी ओळ छापायला हरकत नसावी. फोटो नको, कविता नको, दोन ओळींची मर्यादा ठेवा. मजकूर घरच्यांनी पाठवलेला असेल तसाच घ्यावा आणि त्यातलं क्रियापद संपादकांनी बदलू नये. पुढच्या बैठकीत हा विषय घेतलात तर मी हजर राहीन.