सुटे कागद आणि मूळ वही

गतवर्षीच्या जून महिन्यातील गोष्ट. दहावी उत्तीर्ण झालेली आमची एक विद्यार्थिनी शाळा सोडल्याचा दाखला नेण्यासाठी वडिलांसह आली. बेळगावला तंत्रनिकेतनात प्रवेश घ्यावयाचा होता आणि मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. नोंदी संगणकात होत्या; संगणक काही केल्या त्या दाखवीना. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता. तो सांगितल्याने एखाद्या शाळेचे दप्तर वाचेल, म्हणून हा प्रपंच.

आमच्या नोंदींची आज्ञावली जुनी, विंडोज एक्सपीवरच चालणारी. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये थांबविली. पुढे आमचा जुना संगणक मोडकळीस आला, तेव्हा एका तरुण सहकाऱ्याने व्हर्च्युअलबॉक्सच्या साहाय्याने नव्या संगणकाच्या पोटात एक आभासी संगणक उभा केला. ही कल्पना नवी नव्हे; आयबीएमने आपल्या मोठ्या यंत्रांसाठी ती सोय १९७२ मध्येच दिली होती. अशा आभासी संगणकाची डिस्क म्हणजे वस्तुतः एक मोठी फाइल असते.

काही बदल करण्यापूर्वी या डिस्कचा 'स्नॅपशॉट' घेता येतो. बदल बिघडला तर पूर्वस्थितीवर परतता येते. आम्ही ऑगस्टपासून असे चौदा स्नॅपशॉट घेतले आणि चौदा नकला सुरक्षित आहेत, अशा समाधानात राहिलो. वस्तुस्थिती निराळी होती. स्नॅपशॉट घेताच मूळ वही जणू मिटली जाते व पुढील फेरफार सुट्या कागदावर लिहिले जातात. पुन्हा स्नॅपशॉट घेतला की नवा कागद. वाचावयास वही आणि सर्व कागद एकत्र लागतात. वही जळाली तर कागद निरर्थक. मधला एक कागद हरवला तर पुढचे सारे निरुपयोगी.

मे महिन्यात मुख्य डिस्क भरली आणि आभासी संगणक थबकला. जागा करण्यासाठी आम्ही अगम्य नावांच्या काही फाइली स्वहस्ते पुसून टाकल्या. तेच ते सुटे कागद! ऑगस्टनंतरच्या साऱ्या नोंदी गेल्या.

त्या मुलीला दाखला मिळाला तो आमच्या कारकुनांमुळे. "आता वही कशाला?" असे आम्ही त्यांना वर्षभर म्हणत होतो. "बरं सर," म्हणून ते शाईने लिहीतच राहिले. दाखला त्याच सायंकाळी तयार झाला. उरलेल्या नोंदी पुन्हा भरावयास मात्र तीन आठवडे लागले.

वाचकहो, स्नॅपशॉट हा थोड्या वेळाचा आधार आहे. व्हीएमवेअर ही कंपनी तर एक स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक ठेवू नये, असे सांगते. काम नीट झाले की तो आज्ञावलीतूनच काढावा, फाइल हाताने पुसू नये. आज्ञावली त्या कागदावरील मजकूर मूळ वहीत उतरविते. त्यास वेळ लागतो व मोकळी जागाही लागते. म्हणून डिस्क भरेपर्यंत थांबू नये.

खरी नक्कल वेगळी करावी. आभासी संगणक रीतसर बंद करून त्याची 'निर्यात' केली की एकच फाइल तयार होते. तीत चालू स्थिती येते, जुने स्नॅपशॉट येत नाहीत. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला नियम सोपा आहे: मूळ धरून तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. आम्ही ती शाळेबाहेर कुलपात ठेवतो.

तथापि उघडून न पाहिलेल्या नकलेवर विसंबू नये. परवाच आम्ही आमची प्रत दुसऱ्या संगणकावर चढविली आणि प्रथम त्या मुलीचे नाव शोधले. ते मिळाले, जन्मतारीख कारकुनांच्या वहीशी ताडून पाहिली, तीही जुळली.