परवाना पाच वर्षांचा, तपासणी कशाची?

धावत्या बसच्या चालकाला हृदयविकाराचा झटका येतो, वाहक झेप घेऊन गाडी थांबवतो आणि पुढचे दोन दिवस त्याच्या प्रसंगावधानाचे यथोचित कौतुक होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये बेंगळूरुजवळ हेच घडले, आणि अशा बातम्या अधूनमधून येतच असतात. मात्र चालकाचे हृदय यापूर्वी कधी तपासले गेले होते, हे त्या कौतुकात कोणी विचारत नाही.

व्यावसायिक वाहनाच्या परवान्याचे नूतनीकरण पूर्वी दर तीन वर्षांनी होत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षे केली आणि तिच्याबरोबर वैद्यकीय तपासणीही लांबली. नूतनीकरणाच्या वेळी लागणाऱ्या ‘नमुना १-अ’ या प्रमाणपत्राचा भर दृष्टी, लाल-हिरव्या रंगांची ओळख, श्रवण, रातांधळेपणा व हातापायांतील व्यंग यांवर असून, बायपास, म्हणजे हृदयधमनीतील अडथळ्याला वळसा देणारा नवा रक्तमार्ग जोडण्याची शस्त्रक्रिया, झाली आहे काय, असा सरळ प्रश्न त्यात नाही. ब्रिटनमध्ये मात्र बस वा अवजड ट्रकच्या चालकाला बायपासची माहिती परवाना यंत्रणेला द्यावीच लागते, किमान तीन महिने गाडी चालवता येत नाही, आणि हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला त्यात भरलेल्या रक्तापैकी किमान ४० टक्के रक्त बाहेर टाकतो हे दिसल्यावर व ट्रेडमिलवरील ताणचाचणी पार पडल्यावरच परवाना परत मिळतो.

महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शासनच बायपासचा खर्च उचलते आणि त्याच शासनाच्या परिवहन विभागाला त्याचा पत्ता नसतो, हा प्रकार अनाकलनीय आहे. आजारामुळे अपात्र ठरलेल्याचा परवाना रद्द करण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ ने दिलेला आहे. पण माहितीच पोहोचत नसेल तर तो अधिकार वापरणार कोण? शस्त्रक्रिया झालेला प्रत्येक चालक अपात्र नसतो, बहुतेक जण योग्य विश्रांतीनंतर कामावर परतू शकतात, आणि म्हणूनच सक्तीची नोंद, तीन महिन्यांची सवेतन रजा व त्यानंतर दरवर्षी हृदयतपासणी यांची तरतूद झाली पाहिजे. पगार बुडणार असेल तर चालक आजार लपवणारच.

पण रजेची अपेक्षा तरी कोणाकडून करावी? २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ तासांची मर्यादा घालून दिली होती, आणि खासगी गाड्यांचे मालक तीही पाळत नव्हते.