नारिंगी तारेपुढचा कामगार

हायब्रिड मोटारी आता जुन्या होऊ लागल्या आहेत. १९९७ साली जपानमध्ये टोयोटाची 'प्रियस' रस्त्यावर आली. भारतात ती २०१० साली विक्रीस आली. गाडी नवी असते तोवर कंपनीचा प्रशिक्षित तंत्रज्ञ तिची देखभाल करतो. जुनी झाली की ती गल्लीतल्या गॅरेजात आणि अखेर भंगाराच्या वखारीत जाते. तेथे तिची बॅटरी काढणाऱ्या फिटरच्या जिवाची काळजी कोणी वाहावयाची?

साध्या मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. प्रियसच्या दुसऱ्या पिढीत ७.२ व्होल्टचे २८ संच ओळीने जोडून २०१.६ व्होल्टचा दाब उभा केलेला आहे. तो प्राण घेण्यास पुरेसा आहे. बचावाची रीत मात्र गुप्त विद्या नव्हे. गाडी बंद करून चावी दूर ठेवावयाची, १२ व्होल्टची बॅटरी सोडवावयाची. १००० व्होल्टपर्यंत टिकणारे, छिद्र नसल्याची खात्री केलेले रबरी हातमोजे घालून सर्व्हिस प्लग काढावयाचा. दुसऱ्या कोणी तो नकळत परत बसवू नये, म्हणून आपल्याच खिशात ठेवावयाचा. कपॅसिटर रिते होण्यासाठी दहा मिनिटे थांबावयाचे आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच नारिंगी तारांना अवजार लावावयाचे. एवढे करूनही पेटीच्या आतले संच भारितच असतात. म्हणून पेटी उतरविताना हातमोजे काढावयाचे नाहीत.

ज्याची मजुरी नगावर ठरते, त्याच्या या दहा मिनिटांचे मोल कोण देणार? हातमोजे कोण पुरविणार? २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात, विद्यापीठाने लिलावात विकलेल्या यंत्रातील कोबाल्ट-६० ने एका कामगाराचा बळी घेतला. विकणारे विद्वान होते. मरणारा अनभिज्ञ होता.

२०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता दहांहून कमी कामगारांच्या आस्थापनांना सामान्यतः लागू होत नाही. परंतु सरकारने एखादे काम धोकादायक म्हणून अधिसूचित केल्यास ही संख्येची अट उरत नाही. उच्चदाबाच्या बॅटऱ्या काढण्याचे काम तसे अधिसूचित झालेच पाहिजे. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. त्या काढणाऱ्या हातांची जबाबदारीही त्यानेच उचलावी.

पर्यावरणरक्षणाचे श्रेय कारखानदाराने घ्यावे आणि त्याची किंमत भंगारवाल्याकडच्या पोराने प्राणाने चुकवावी, हा न्याय नव्हे. कार्यकर्त्यांनी गॅरेज आणि वखारींतील कामगारांपर्यंत ही रीत पोहोचवावी आणि ही मागणी त्यांच्याच तोंडून उठवावी.